डेटाबेसच्या लायसन्सचे वाचलेले पैसे जातात कुठे?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटरचं काम बघतो. २०१९ च्या मार्चअखेरीस एका संध्याकाळी माल भरलेले दोन ट्रक गेटवर उभे होते आणि डिस्पॅचच्या खोलीत चलन काही केल्या निघेना. स्क्रीनवर जागा संपल्याचा संदेश, आणि डिस्कवर तर २०० जीबी मोकळी. तासभर शोधल्यावर उलगडा झाला. आमचा डेटाबेस एका मोठ्या कंपनीच्या फुकट आवृत्तीवर चालत होता आणि त्या आवृत्तीला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा होती. नेमकी मार्चअखेरीस ती भरली. जुन्या वर्षांचे रिपोर्ट दुसरीकडे हलवून, जागा करून, रात्री अकराला ट्रक सोडले.

आमच्या धंद्यात डेटाबेस म्हणजे फक्त बिलं नव्हेत. भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाला एक हीट नंबर असतो. त्या हीटचा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट (कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती) आणि त्यातून ओतलेली कास्टिंगं एकमेकांना बांधलेली असतात. दोन वर्षांनी गिऱ्हाइकाकडे एखादं कास्टिंग तडकलं, तर त्यावरच्या हीट नंबरावरून तो रिपोर्ट लगेच समोर ठेवावा लागतो. नाही ठेवता आला तर एका नगावरून अख्ख्या लॉटवर शंका येते.

पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीचं कोटेशन मागवलं. प्रोसेसरच्या कोअरच्या हिशेबाने लायसन्स, वर दर वर्षाचं सपोर्टचं शुल्क. मी पोस्टग्रेस सुचवलं, हा ओपन सोर्स डेटाबेस आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि वापरायला फुकट. थोरल्या मालकांनी एकच प्रश्न विचारला, "फुकट आहे म्हणतोस, मग उद्या बंद पडलं तर धरायचं कुणाला?"

प्रश्न रास्त होता. मी कोटेशनबरोबर आलेला करार त्यांना वाचून दाखवला. शेवटच्या पानांवर स्पष्ट लिहिलं होतं की डेटा गेला, धंद्याचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, आणि भरपाई झालीच तर भरलेल्या रकमेपुरती. मालकांनी ते पान दोनदा वाचलं आणि "कर सुरू" म्हणाले.

पोस्टग्रेस हे काही कुणी हौशी पोरांनी परवा जमवलेलं प्रकरण नाही, हेही त्यांना सांगितलं. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी ते सुरू केलं. त्यांनाच पुढे २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मोठा मान, मिळाला. नव्वदच्या दशकात दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची) जोड दिली आणि १९९६ पासून ते आजच्या नावाने जगभरातले लोक मिळून चालवतात. लायसन्स इतकं मोकळं आहे की वापरा, बदला, विका, कुणी अडवत नाही.

बदल करायला साडेतीन महिने लागले. डेटा हलवणं दोन दिवसांचं काम होतं, बाकी सगळा वेळ प्रोग्रॅममध्ये गेला. जुन्या डेटाबेसला 'के१२' इंग्रजीतल्या मोठ्या लिपीत लिहिला काय आणि छोट्या काय, सारखाच. पोस्टग्रेसला ते दोन वेगळे. आमच्या भट्टीवरचे लोक हीट नंबर दोन्ही तऱ्हांनी टाकत आलेले, त्यामुळे पहिल्या आठवड्यात निम्मे रिपोर्ट सापडेनात. शेवटी नोंद करतानाच सगळं मोठ्या लिपीत करून घेतलं आणि जुना डेटा एकदा धुऊन काढला.

दुसऱ्या वर्षी खरा धडा मिळाला. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी ओळ खोडून तिथेच लिहिलं जात नाही. जुनी तशीच राहते, नवी वेगळी लिहिली जाते. त्यामुळेच एकजण रिपोर्ट काढत असताना दुसऱ्याला नोंद करता येते, कुणी कुणाची वाट बघत नाही. पण त्या मेलेल्या ओळी उचलायला मागे झाडूवाला लागतो, त्याला ऑटोव्हॅक्यूम म्हणतात. तेव्हाच्या एका बाहेरच्या माणसाने 'रात्री सर्व्हर जड होतो' म्हणून स्टॉकच्या टेबलावर ते बंद करून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आठ महिन्यांनी काही लाख ओळींचं ते टेबल ४० जीबीचं झालं होतं आणि सकाळचा स्टॉक रिपोर्ट चहा पिऊन आलं तरी फिरतच असायचा. सुट्टीच्या दिवशी सगळे बाहेर काढून पूर्ण व्हॅक्यूम मारला, कारण तो चालू असताना टेबलाला कुलूप लागतं. टेबल २ जीबीवर आलं.

चूक पोस्टग्रेसची नव्हती. ते जाणणारा माणूस आमच्याकडे नव्हता, ही चूक होती.

आता मुद्द्यावर येतो. गेली पाच वर्षं बजेटमध्ये डेटाबेसपुढे शून्य लिहिलं जातं आणि हिशेब खात्याला ते शून्य फार आवडतं. यंदा मी तीन गोष्टी मागतोय: दुसरा सर्व्हर, ज्यावर डेटाची जिवंत प्रत सतत राहील, अडीअडचणीला फोन उचलणाऱ्या जाणकारांचा वर्षाचा करार, आणि आमच्यातल्याच अजून एका माणसाचं शिक्षण. तिन्ही मिळून त्या जुन्या कोटेशनच्या निम्म्यातही येत नाहीत. तरी उत्तर येतं, "फुकट आहे ना ते?" तुमच्याकडे हे कसं जमवलं? लायसन्सचे वाचलेले पैसे कुणी खरंच या कामाला लावून घेतलेत का?

---

रात्रपाळी

फार मनापासून लिहिलंय. पुण्यात पंधरा वर्षं डेटाबेसच सांभाळतोय, त्यामुळे प्रत्येक ओळ ओळखीची वाटली.

मालकांना पटवायचं असेल तर गिटलॅबची (प्रोग्रॅमरांचा कोड ठेवायची सेवा देणारी कंपनी) ३१ जानेवारी २०१७ ची रात्र सांगा. त्यांचाही डेटाबेस पोस्टग्रेसच. मुख्य सर्व्हरची प्रत मागे पडली होती, ती नव्याने लावायला एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत झगडत होता. प्रतीच्या सर्व्हरवरचा डेटाचा फोल्डर पुसायचा होता. हुकूम दिला गेला मुख्य सर्व्हरवर. दोन-एक सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसमधला डेटा फाइलमध्ये काढून ठेवणं? तो कित्येक दिवस होतच नव्हता. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो रोज नकार देऊन थांबायचा. थांबल्याची मेल? तीही मेल सर्व्हर नाकारत होता, कुणाला मिळतच नव्हती. वाचले ते एका योगायोगाने. चाचणीच्या कामासाठी एकाने सहा तास आधी हाताने डिस्कची एक प्रत काढून ठेवली होती. सहा तासांचं काम गेलं, हजारो प्रोजेक्टच्या नोंदी गेल्या. मोठेपणा असा की त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं. दुरुस्ती चालू असतानाच यूट्यूबवर थेट दाखवत होते आणि नंतर बारीकसारीक चुकांसकट अहवाल लिहिला. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच वाचायला देतो.

यातून आम्ही लावून घेतलेली सवय सांगतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवायचा आणि शेवटच्या बिलाचा नंबर चालू सर्व्हरशी ताडून बघायचा. किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहायचं. मॅनेजमेंटला 'बॅकअप आहे' यापेक्षा 'दोन तास दहा मिनिटांत धंदा परत उभा राहतो' हे वाक्य कळतं, आणि मग त्या दोन तासांचा एक तास करायला किती पैसे लागतील हे ते स्वतःच विचारतात.

आणि शिरोलीकर, एक विचारतो. दुसऱ्या सर्व्हरवरची जिवंत प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे मालकांना सांगितलंय ना? इकडे चुकून टेबल पुसलं तर क्षणात तिकडेही पुसलं जातं.

---

शिरोलीकर

@रात्रपाळी, प्रत आणि बॅकअप यातला फरक मी नीट सांगितलेला नाही, खरं आहे. आमचा बॅकअप रोज रात्री होतो, शेजारच्या इमारतीत कॉपी जाते. पण उतरवून बघितला तो शेवटचा २०२४ च्या दिवाळीआधी, आवृत्ती १२ वरून वर जाताना. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात १२ चा पाठिंबा संपणार होता म्हणून. दर आवृत्तीला पाच वर्षं मिळतात, हे मालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं ते बरं झालं.

---

हिशेबनीस

मी सीए आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते. तुमच्या तांत्रिक चर्चेत एक व्यवहाराची बाजू घालते, कदाचित पैसे मंजूर करून घ्यायला तीच उपयोगी पडेल.

तुमची फाउंड्री प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे: कोणती नोंद, कधी बदलली, सगळं. आणि तो माग बंद करता येता कामा नये. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजचा हवा आणि तो भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा, हाही नियम आहे. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात यावर लिहावं लागतं.

आम्ही नुसतं सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरून झालेल्या बदलांबद्दल विचारत नाही. डेटाबेसमध्ये थेट शिरून कुणी रक्कम बदलली तर कळेल का, हे विचारतो. आणि इथेच बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. डेटाबेस विकतचा असो की ओपन सोर्स, ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड आहे तो काय करतो हे कुणी बघतच नसतं. तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?

---

शिरोलीकर

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे हिशेबाच्या टेबलांवर ट्रिगर आहेत. जुनी किंमत, नवी किंमत, कोण, केव्हा हे वेगळ्या टेबलात जातं, आणि त्या टेबलातून पुसण्याचा हक्क प्रोग्रॅमच्या युजरला दिलेलाच नाही. पण मुख्य पासवर्ड माझ्याकडे आहे, म्हणजे मी ट्रिगर बंद करून, बदल करून, परत चालू करू शकतो. म्हणून पीजी-ऑडिट हे पोस्टग्रेसचं जोडसाधन लावलं. सर्व्हरवर दिलेला प्रत्येक हुकूम, माझासुद्धा, लॉगमध्ये जातो आणि तो लॉग दुसऱ्या मशीनवर लिहिला जातो. त्या मशीनचा पासवर्ड हिशेब खात्याच्या प्रमुखांकडे आहे, माझ्याकडे नाही. मला स्वतःलाच त्याने सुरक्षित वाटतं. उद्या काही झालं तर माझ्यावर बोट येणार नाही.

---

हिशेबनीस

हे उत्तम. असं उत्तर मला वर्षात एक-दोन ठिकाणीच मिळतं. मंजुरीच्या कागदात 'डेटाबेसचा खर्च' लिहू नका. 'कायद्याने लागणारी नोंद आणि रोजचा बॅकअप' असं लिहा.

---

दुसरी_पाळी

माझा अनुभव उलटा आहे, तोही ऐकून घ्या.

जळगावला माझी पाइप-फिटिंगची एजन्सी आहे. चार काउंटर, एक गोडाऊन. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने ओपन सोर्सवर सगळं बसवून दिलं. छान चालत होतं. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्या डोक्यात, बॅकअप कुठे जातो ते त्याच्या डोक्यात. दोन महिने फोन उचलायचा, मग त्याच्याही अडचणी असतील, बंद झाला. ऐन जीएसटीच्या तारखेला सर्व्हर उठेना तेव्हा मी गावातल्या चार कॉम्प्युटरवाल्यांकडे फिरलो. प्रत्येकजण म्हणाला, "हे आमच्याकडे कुणी करत नाही." पंधरा दिवस हाताने बिलं लिहिली. घरातल्या दोघांनी रात्री बसून ती नंतर परत भरली.

आता मी पैसे भरून तयार सॉफ्टवेअर घेतलंय. वर्षाला रक्कम जाते, पण फोन केला की गावातलाच माणूस संध्याकाळपर्यंत येतो. तुमच्यासारखा माणूस ज्याच्या कारखान्यात आहे त्याला मोकळं सॉफ्टवेअर परवडतं. ज्याच्याकडे नाही त्याने काय करायचं?

---

शिरोलीकर

दादा, तुम्ही सोसलंत ते वाचून वाईट वाटलं. आणि तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. चार काउंटरच्या धंद्याने स्वतःचा सर्व्हर सांभाळूच नये. तुम्ही आता केलंय तेच तुमच्यासाठी बरोबर आहे.

फक्त एक सुचवतो. तुमचा घात सॉफ्टवेअरने नव्हे, कागद नसल्याने झाला. पासवर्ड, बॅकअपची जागा, सर्व्हर कसा उठवायचा याची दोन पानं बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत असती, तर त्या चारपैकी एकाने तरी धाडस केलं असतं. आमच्याकडे ते पाकीट मालकांच्या कपाटात आहे, दर सहा महिन्यांनी मी ते बदलतो. आणि आताच्या विकतच्या सॉफ्टवेअरवाल्यालाही विचारून ठेवा की माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये काढून मिळेल का, आणि तो मी स्वतः काढू शकतो का. नुसतं विचारू नका, एकदा काढून बघा.

मधला मार्गही आहे. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण ओपन सोर्स, खाली मारियाडीबी हा डेटाबेस. ते बसवून, सांभाळून देणारे अनेकजण आहेत. म्हणजे एक गेला तर दुसरा धरता येतो.

---

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात याच क्षेत्रात आहे, मूळचा इस्लामपूरचा. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. 'ओपन सोर्स' शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका, तो कोड कुणाच्या मालकीचा आहे ते आधी बघा.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण घ्या. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस आणि दोन साथीदारांनी कंपनी काढली. डेटाबेसचं नाव ठेवलं विडेनियस यांच्या मुलीच्या नावावरून, तिचं नाव इंग्रजीत My असं लिहितात. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी साधारण १ अब्ज डॉलरना घेतली, आणि पुढच्याच वर्षी ओरॅकलने सनला विकत घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच घरात. युरोपीय आयोगाने चौकशी केली आणि २०१० च्या जानेवारीत व्यवहार पूर्ण झाला. विडेनियस यांनी आधीच कोडची वेगळी चूल मांडली होती, ती मारियाडीबी. हे नाव धाकट्या मुलीचं. वेगळी चूल मांडता आली, कारण लायसन्सने तो हक्क दिला होता. बंद सॉफ्टवेअर असतं तर नुसतं बघत बसावं लागलं असतं.

पुढे हे वारंवार झालं. डेटा साठवायच्या-शोधायच्या इतर सॉफ्टवेअरांचंही तेच: मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदललं, इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. कारण प्रत्येक वेळी तेच: मोठ्या क्लाउड कंपन्या आमचाच कोड भाड्याने देऊन कमावतात आणि आम्हाला त्यातलं काही मिळत नाही. मला त्यांची तक्रार खोटी वाटत नाही. पण ज्यांनी 'मोकळं आहे' म्हणून त्यावर धंदा उभा केला त्यांच्या पायाखालची सतरंजी हलली, हेही खरं. रेडिसच्या वेळी लोकांनी काही दिवसांतच जुना मोकळा कोड घेऊन लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छताखाली व्हॅल्की नावाने वेगळी चूल सुरू केली. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही आपापल्या परीने मोकळं लायसन्स परत आणलं, पण दुरावा आला तो आलाच.

पोस्टग्रेस इथे वेगळं पडतं. त्याला एक मालकच नाही. काम करणारे लोक वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरीला, निर्णय मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर. उद्या कुणी एक कंपनी विकत घेतली तरी पोस्टग्रेस विकत जात नाही.

---

गुलमोहर

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोरालाही दिसतो. मग धंद्याने यावर विश्वास का ठेवायचा?

---

रात्रपाळी

बाळबोध अजिबात नाही. मार्च २०२४ मध्ये जे झालं ते वाच, तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात आहेत.

एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करायचं छोटंसं साधन आहे, लिनक्समध्ये (बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात ती मोकळी सिस्टिम) जवळपास सगळीकडे असतं. वर्षानुवर्षं एकटा माणूस, पगाराशिवाय, ते सांभाळत होता. थकला होता, तब्येतीच्या अडचणी होत्या, आणि वरून काहीजण 'काम लवकर होत नाही' म्हणून त्याच्यामागे लागले होते. अशात मदत करायला एकजण आला. दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. तो पसरला असता तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं.

पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड. पोस्टग्रेसचे डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. पोस्टग्रेसच्या वेगाची चाचणी घेण्यासाठी मशीन शांत करत होते, तर सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. त्यांनी खणत नेलं आणि चोरदरवाजा सापडला. कोड उघडा होता म्हणून खणता आलं. पण उघडा असूनही बाकी कुणी बघितलं नव्हतं, कारण बघायला पगार देणारं कुणी नव्हतं.

शिरोलीकरांचा प्रश्न मला इथे येऊन भिडतो. आपण सगळे ज्याच्यावर उभे आहोत ते सांभाळणाऱ्यांपर्यंत पैसे पोचायला हवेत. बंगळूरच्या झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. प्रत्येकाला तेवढं जमणार नाही, पण ज्यांच्याकडून सपोर्ट घेतो ते पोस्टग्रेसमध्ये स्वतः काम करणारे असतील असं बघणं जमतं.

आणि नोकरीचं म्हणशील तर पुण्यात एंटरप्राइझडीबीचं मोठं ऑफिस आहे, पोस्टग्रेसच्या आतल्या कोडवर काम करणारे लोक तिथे आहेत. बिनधास्त शिक.

---

टिपणवही

उशिरा आले धाग्यावर. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं काम करते. सगळी चर्चा इंग्रजी डेटाची चाललीय म्हणून मराठी डेटाचं दुखणं सांगते.

आमचा जुना डेटा युनिकोडच्या (प्रत्येक भाषेच्या प्रत्येक चिन्हाला जगभर एकच नंबर देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये होता. पडद्यावर मराठी दिसायची, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच. त्या कंपनीचा फॉन्ट नसला की नुसती रांगोळी. दहा-बारा हजार सभासदांची नावं युनिकोडमध्ये आणली तेव्हा आणखी एक प्रकार कळला. जुन्या सिस्टिममध्ये नावाचा रकाना ५० बाइटचा होता. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'विठ्ठल' घ्या: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. सहा चिन्हं, १८ बाइट. म्हणजे ५० बाइटमध्ये जेमतेम १६ चिन्हं, 'विठ्ठल' आणि वडिलांचं नाव लिहिलं की आडनाव बहुधा मावणार नाही. पोस्टग्रेसमध्ये रकान्याची लांबी बाइटमध्ये नव्हे, चिन्हांमध्ये मोजतात, त्यामुळे ही अडचण गेली.

खरी गंमत पुढेच झाली. 'कऱ्हाड' शोधलं की निम्मेच सभासद यायचे. पडद्यावर दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं, तरी डेटाबेस म्हणे वेगळं. दोन दिवस मी तो शब्द एकेक चिन्ह सुटं करून बघत बसले. एका क्लार्कच्या कीबोर्डवरून येणारा ऱ म्हणजे एकसंध ऱ. दुसऱ्याच्या कीबोर्डवरून साधा र आणि त्याखाली नुक्ता (ठिपका), अशी दोन चिन्हं. तिसऱ्याकडून साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच कऱ्हाड, मशीनला तीन.

पहिल्या दोघांना एक करायला पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. तिसऱ्याला ते हात लावत नाही, तो बदल वेगळा लिहावा लागला. आता नोंद होतानाच तिन्हींचं एक रूप होतं. गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळे सापडायला लागले. नावांची यादीही वर्णमालेप्रमाणे लावायची होती. चिन्हांच्या नंबराप्रमाणे लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, तो ह नंतर यायला हवा. त्यासाठी आयसीयू या युनिकोडच्या मोकळ्या लायब्ररीतली मराठी क्रमवारी लावली.

यातलं काहीच मला कुठल्या विकतच्या सपोर्टने सांगितलं नाही. त्यांना मी आधी विचारलं होतं, "कीबोर्ड बदला" असं उत्तर आलं.

---

सॅनहोजेकर

@टिपणवही, यावर वेगळा धागा काढाच. तुमचा तो तिसऱ्या ऱ चा बदल इथे टाकलात तर महाराष्ट्रातल्या निदान शंभर संस्थांचे दोन-दोन दिवस वाचतील.

---

दुसरी_पाळी

शिरोलीकर, तुमचं ऐकून काल सॉफ्टवेअरवाल्याला डेटा काढून मागितला. पार्टीची यादी आणि स्टॉक एक्सेलमध्ये मिळाला. जुनी बिलं फक्त पीडीएफमध्ये मिळतात म्हणाला. पुढच्या वर्षीचा करार करायच्या आधी ते लेखी मागणार आहे. आणि पाकीट करून तिजोरीत ठेवलं.

---

शिरोलीकर

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कारण काही घडलंय.

हिशेबनीस ताईंच्या सांगण्याप्रमाणे मंजुरीचा कागद बदलला. रात्रपाळींच्या सांगण्याप्रमाणे त्यात एकच आकडा टाकला: आज सर्व्हर गेला तर धंदा किती वेळाने उभा राहील. तो आकडा माझ्याकडे नव्हताच, म्हणून आधी खरंच करून बघितलं. स्टोअरमध्ये एक मुलगी आहे, बीसीएस झालेली, शिकायची आवड आहे. तिला माझी दोन पानं दिली, रिकामं मशीन दिलं आणि मी बाजूला बसलो, बोलायचं नाही असं ठरवून.

बॅकअप उतरायला ५२ मिनिटं लागली. शेवटचा हीट नंबर ताडून बघितला, बरोबर निघाला. आम्ही दोघंही खूश झालो. मग तिने डिस्पॅचचा प्रोग्रॅम त्या मशीनला जोडला आणि तो आतच घेईना. लॉगिनच नाही. ती दहा मिनिटं शोधत होती आणि मग म्हणाली, "सर, डेटा आलाय, पण युजर कुणीच आले नाहीत." पीजी-डंप एका डेटाबेसपुरता डेटा काढतो. युजर आणि त्यांचे हक्क सगळ्या सर्व्हरचे मिळून असतात, ते वेगळे काढावे लागतात. आमच्या रोजच्या स्क्रिप्टमध्ये ते कधीच नव्हतं. २०२४ ला वर चढलो तेव्हा ते काम अपग्रेडच्या प्रोग्रॅमने आपोआप केलं होतं, म्हणून मला कधी कळलं नाही. सगळे युजर, कुणाला काय दिसावं, कुणाला काय पुसता येऊ नये, हे हाताने परत उभं करायला आणखी तीन तास गेले.

हे सगळं जसं झालं तसं मालकांना सांगितलं. ५२ मिनिटं नव्हे, चार तास. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्या मुलीला बोलावून विचारलं की दुसऱ्यांदा केलं तर किती वेळ लागेल. ती म्हणाली, युजरची फाइल असेल तर एक तास.

दुसरा सर्व्हर मंजूर झाला. सपोर्टचा करार सहा महिन्यांसाठी झालाय, पुढचं नंतर बघू म्हणाले. मुलीचा निम्मा दिवस आता माझ्या विभागात. युजरची फाइल रोज रात्री डंपच्या बरोबरीने निघते.

@रात्रपाळी, पुढचा पहिला शनिवार ती एकटी करणार आहे. फळ्यावर वेळेबरोबर तुम्ही अजून काय लिहिता?